खानोलकरांनी खोडलेलं पान

‘चौकी क्रमांक नऊ’ ही पोलिसांची जुनी मालिका पस्तीस वर्षांनी पुन्हा करायची ठरली. तिचे लेखक नंदकिशोर खानोलकर हयात आहेत, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतही नव्हतं. नवे भाग मी लिहीत होते. परवानगी घ्यायला पार्ल्याला गेले, तर एक्याऐंशी वर्षांच्या खानोलकरांनी स्वतः दार उघडलं.

“रेवती ना तू? तू पाठवलेले भाग वाचले मी,” म्हणाले. कसं वाटलं ते सांगितलं नाही. शूटिंगला आलो तर चालेल का, एवढंच विचारलं.

मरोळला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमचा सेट होता. ते आले त्या दिवशीचा प्रसंग अवघड होता. बुडालेल्या तरुणाची बातमी हवालदार त्याच्या मासळी विकणाऱ्या आईला बाजारात जाऊन सांगतो. मी दीड पान संवाद लिहिले होते. हवालदार झालेला अनय चांगला नट, पण सहा टेक झाले तरी जमेना. आईचं काम करणाऱ्या मंजुळाबाई वेसाव्याच्या, खरोखरच मासळी विकणाऱ्या. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभ्या होत्या. शेवटी दिग्दर्शक श्रुतिकाने सगळ्यांना चहाला सोडलं.

खानोलकरांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि पान खोडत गेले. एकच वाक्य उरलं. ‘मावशी, जरा बसता का?’

“सर, लोकांना कळणार कसं?”

“ही मालिका लिहायच्या आधी मी वर्षभर वाकोल्याच्या चौकीत बाकावर बसून असायचो. तिथे भीमराज म्हणून हवालदार होते. असं काही सांगायचं असलं की ते नुसतं ‘बसा’ म्हणायचे. माणसं बसत नसत.”

त्यांनी अनयला टोपी काढून हातात धरायला सांगितलं. मंजुळाबाईंना कोणी काहीच सांगितलं नाही.

टेक सुरू झाला. अनयने वाक्य म्हटलं. मंजुळाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या स्टुलाकडे. बसल्या नाहीत. टोपलीतली मासळी ओल्या फडक्याने झाकू लागल्या, सावकाश, कडा नीट खोचत. मग पाण्याची बाटली पुढे केली.

“आधी तू पानी पी. उन्हातून आलास.”

पानावर अनयसाठी पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. तो पाणी प्यायला.

नंतर मी मंजुळाबाईंना विचारलं, “तुम्ही बसला का नाहीत?”

“बसले असते तर ते खरं झालं असतं ना.”

मागे उभ्या असलेल्या खानोलकरांनी खिशातून छोटी वही काढली. त्यांनी ते वाक्य उतरून घेतलं, तारीख घातली. “इतकी वर्षं मला वाटायचं, घाबरतात म्हणून बसत नाहीत,” ते हळूच म्हणाले.



तो टेक तसाच्या तसा दाखवला गेला. पुढचे सगळे भाग मी नव्याने लिहायला घेतले. खानोलकर रोज येत राहिले, आणि दुपारभर मंजुळाबाईंना बाजारातल्या गोष्टी विचारत बसायचे.