मैनेला चालणारा हात

"सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सलाईनची सुई हातात धरूनच विचारलं.

"न्हाय," गुंडू म्हणाला. "अन्नाचा कण न्हाय. दूध तेवढं घेतलं."

सुई पुन्हा ट्रेमध्ये गेली.

"दूध? कधी?"

"पाटं. धार काढताना. दोन घोट. दूध म्हंजे काय जेवाण न्हवं की, सायेब."

पोटात दूध असताना भूल दिली तर ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं आणि ऑपरेशन उद्यावर ढकललं. शांत राहिली नाही ती गुंडूची मुलगी, वर्षाराणी. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसातून ती रजा काढून आली होती.

"पाणीसुद्धा नको म्हणून सांगितलेलं का न्हाय, आबा? आणि आज म्हशीखाली बसायचं काय नडलंतं?"

"मग मैनेची धार कोण काढणार? तुझा सायेब?"

गुंडूचं सगळं आयुष्य दूध कट्ट्यावर गेलं होतं. सकाळ-संध्याकाळ दोन म्हशी कट्ट्यावर आणायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळलेला पेला तसाच त्याच्या हातात द्यायचा. पहिले दोन घोट मात्र आपण घ्यायचे. स्वतः पिऊन दाखवल्याशिवाय विकायचं नाही, ही वडिलांची शिस्त. ती इतकी अंगात मुरली होती की आज पहाटे पेला तोंडाला लागला तेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यात थोरली म्हैस मैना दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. त्यामुळे मूत्रपिंडावर गाठ आहे, असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर नंदिनींनी सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं होतं, "पुन्यांदा उकिडवं बसता ईल का?"

त्यांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. कुशीत मोठा छेद घ्यायचा. मग बसाउठायला बरेच दिवस जातील. किंवा रोबोटच्या मदतीने छोट्या छिद्रांतून गाठ काढायची आणि बाकीचं मूत्रपिंड राखायचं. धोका दोन्हीत होता, तोही त्यांनी लपवला नव्हता. वर्षाराणीने रोबोट म्हटलं. गुंडूने मान हलवली.

आता मात्र तो पलंगावरून उतरला. "सदरा दे माझा. देवाचीच विच्छा न्हाय."

त्याचा चेहरा मोकळा झाला होता. तो पाहून वर्षाराणीचा राग ओसरला आणि तिला भीती वाटली. हा माणूस एकदा या दारातून बाहेर पडला की परत यायचा नाही. ती डॉक्टर नंदिनींना बोलावून घेऊन आली.

त्या समोर स्टूल ओढून बसल्या. "मामा, दूध चुकून प्यालात. पण आता पळताय ते काही चुकून नाही."

गुंडूने सदऱ्याची घडी केली, मोडली.

"खरं सांगू? तुमचा हात लागणार न्हाय म्हनं. तुम्ही कोपऱ्यात बसणार आन यंत्र कापणार. त्या यंत्राला काय माझी माया?"

"यंत्र आपल्या मनाने काही करत नाही. मी त्याच खोलीत, थोडी लांब बसते. माझी बोटं हलतील तशी त्याची अवजारं आत हलतात, फक्त जास्त बारीक. मी थांबले की ती थांबतात. तुमच्या अंगाशी माझे जोडीदार डॉक्टर उभे असतातच. आणि आत काही अडचण दिसली तर मी सरळ छेद घेईन. तेही आजच सांगते."

गुंडूने सदरा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "हात बघू."

म्हशीखाली नवा माणूस बसवायचा तर कट्ट्यावर आधी त्याचा हात बघतात. नखं बघतात, मग त्याच्या मुठीत आपलं बोट देतात. अंगठा मुडपून कासेचे सड ओढणारा नको, मुठीने दाबणारा हवा. नंदिनींची नखं कापलेली होती. गुंडूने त्यांच्या मुठीत आपलं बोट दिलं.

"दाबा."

त्यांनी दाबलं. त्याने डोळे मिटले.

"सड दुखणार न्हाय," तो म्हणाला. "हात जरा गार हाय, एवढंच."

"एसी आहे हो, मामा."

"मग करा उद्या."

पण आता त्याने रात्री दवाखान्यातच राहायचं होतं. संध्याकाळची धार?

"मी काढतो की," वर्षाराणी म्हणाली.

"तू? नेलपालिश लावून?"

"लहानपणी शिकवलंय तुम्हीच. आणि मैनेला काय रंग दिसतोय?"

"मग ह्यो सदरा घाल वरनं. वासाला फसली तर फसली."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन छोट्या छिद्रांतूनच पार पडलं. गाठ पूर्ण निघाली, असं नंतर तपासणीतही आलं. गुंडूला नीट बोलता येऊ लागलं तेव्हा त्याने लेकीला जवळ बोलावलं.

"मैना?"

"पहिल्यांदा लाथ मारली. काल सोडला पान्हा."

"सदरा हुता न्हवं अंगात?"

"काल इसरलो."

गुंडूने भिंतीकडे तोंड केलं. "बरं झालं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या संध्याकाळी तो कट्ट्यावर मैनेजवळ गेला. गिऱ्हाइकं वाट देत मागे सरली. तो जपून खाली बसला. कूस किंचित ओढल्यासारखी झाली, दुखलं नाही. त्याने चरवी गुडघ्यांत धरली आणि कासेला हात लावला. मैनेने मान वळवली आणि मागे थांबलेल्या वर्षाराणीकडे बघत उभी राहिली. थेंब उतरला नाही.

"मामा, म्हैस तुमची का पोरीची?" कुणीतरी विचारलं.

गुंडूने चरवी खाली ठेवली. मग कुणाचा हात न धरता, जमिनीला हात न टेकता उठला.

"वर्षे, ये. बस तू."

शेजारी दुसरी म्हैस, मैनेची नुकतीच पहिल्यांदा व्यालेली लेक, बांधली होती. तिला अजून कुठल्याच हाताची सवय नव्हती. गुंडूने तिच्या पाठीवर थोपटलं आणि तिच्याखाली उकिडवा बसला.

"पावणं, इकडं या," तो म्हणाला. "हिला जरा येळ लागंल. मला काय घाई न्हाय."

शेजारच्या चरवीत धार वाजू लागली होती.