पदराखालचा व्रण

निघोज्याच्या मंजुळाबाईंना कीर्तनाचं भारी वेड. देवळात मृदंगावर थाप पडली की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी त्या उठायच्या नाहीत. मन लोण्यासारखं. पण सज्जनहो, मऊ मनातसुद्धा एखादी खुळी समजूत ठाण मांडून बसते!

सून आम्रपाली दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिलं बाळंतपण सिझेरियनचं. गावच्या आरोग्य केंद्रात दर तपासणीला रुबीना सिस्टर म्हणायची, "मावशी, जुना व्रण बघू द्या की."

मंजुळाबाई सुनेचा पदर घट्ट धरायच्या. "न्हाई! भरल्या पोटाला दृष्ट लागती. लुगड्यावरनंच बघ काय ते."

"अहो, व्रण आत ओढला गेला असेल, काळा पडला असेल, तर पोटातही चिकटलेलं असू शकतं. खात्रीनं नाही सांगता येत. पण मोठ्या दवाखान्यात आधीच तयारी ठेवता येते."

"कातडी बघून पोटातलं सांगाया तू काय जोशीण हाय व्हय?"

आम्रपाली नुसती हसली. सासूपुढं बोलायची तिची बिशाद नव्हती.

तारखेच्या आठ दिवस आधीच कळा सुरू झाल्या. आता रुबीनानं कुणाला विचारलं नाही. पदर सारला आणि तिचा चेहराच उतरला. व्रण खड्ड्यासारखा आत गेलेला, काळाकुट्ट!

"इथं नको! पिंपरीला न्या, आत्ताच्या आत्ता!"

मोशीच्या अलीकडं कंटेनरची रांग. अँब्युलन्स नुसती ओरडत उभी. आम्रपालीनं सासूची मूठ आवळली, "आई, मला भ्या वाटतंय." मंजुळाबाईंनी पदरानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

मग ऑपरेशनच्या बंद दारापुढं तीन तास. ओठांवर विठ्ठलाचं नाव होतं, पण टाळीला हात उठत नव्हते.

डॉक्टर बाहेर आले. "मुलगी झाली, ठीक आहे. पण आत गर्भाशय, मूत्राशय सगळं चिकटलेलं होतं. रक्त फार गेलं. आधी कळलं असतं तर रक्त, जादा सर्जन तयार ठेवला असता. आता दोन दिवस सुनेचं काही सांगता येत नाही."

"म्याच झाकलं, डॉक्टर! माझ्याच हातानं झाकलं!" मंजुळाबाई भुईवर बसल्या.

शेजारच्या बाकावर एक सासू गरोदर सुनेच्या पोटावर पदर ओढत होती. मंजुळाबाईंनी डोळे पुसले, सरकत जाऊन तिचा हात धरला.

"बाई, पयलं शिजर झालंय का हिचं? मग डॉक्टरला व्रण दाखव. माझी सून आत हाय गं..."

सज्जनहो, देवाला हात जरूर जोडा. पण डॉक्टरपुढं पदर आवळू नका. अंगावरची खूण देवानं झाकायला दिलेली नाही, वेळेवर सावध व्हायला दिली आहे.