गौरीसमोरचं सोंग

नम्रताला शाळेत सगळे 'लॅपटॉपवाली' म्हणायचे आणि तिला ते मिरवायला आवडायचं. मुरबाडपासून बरंच आत असलेल्या त्या शाळेला कुठल्याशा संस्थेनं लॅपटॉप दिले होते. पंकज सरांनी कपाटाची किल्ली नववीतल्या नम्रताच्या हाती सोपवली होती. भिंतीवरचे नियमही तिच्याच अक्षरात होते. पासवर्ड कुणाला सांगू नये. अनोळखी माणसाशी गप्पा मारू नयेत. एकदा टाकलेलं पुरतं पुसता येत नाही. कुणाचाही फोटो, व्हिडिओ टाकण्याआधी त्या माणसाला विचारावं. हा शेवटचा तर तिनं लाल रंगानं रंगवला होता, आणि पाचवीतल्या पोरांकडून तो असा पाठ करून घ्यायची की पोरं झोपेतही म्हणतील.

पण कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कुणी करायची?

गणपतीच्या सुट्टीत सरांनी 'आमच्या गावचा सण' या प्रकल्पासाठी तिला लॅपटॉप घरी नेऊ दिला. सण म्हटलं तर त्यांच्या वाडीत गौरीसारखा दुसरा नाही. गौरीच्या दिवशी जेवणं उरकली की पुरुष आपणहून बाहेर पडतात. बाया दार लोटून घेतात आणि सोंगं सुरू होतात. कुणी सासू होते, कुणी भगत होते, कुणी तलाठी. वर्षभर तोंड दाबून खाल्लेला बुक्क्यांचा मार त्या दुपारी हसण्यावारी निघतो. बाहेर मात्र चकार शब्द जात नाही. 'गौरीसमोरचं गौरीबरोबर पाण्यात,' असं जुन्या बाया म्हणतात, आणि आजवर ते गेलंही होतं.

यंदा शकू आत्या उठली. ही नम्रताच्या बाबांची धाकटी बहीण. नवऱ्याच्या दारूला कंटाळून खर्डीहून माहेरी परत आलेली. सहा वर्षांची लेक रंजू तिकडेच होती, कारण सासूनं नात सोडली नाही. दिवाळीला तेवढी ती रंजूला धाडायची आणि त्या चार दिवसांवर आत्या वर्ष काढायची. एरवी तिचं हसू बघायला मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. त्या दुपारी तिनं भावाची लुंगी नेसली, काजळाची मिशी काढली, टॉवेल एका खांद्यावरून जमिनीपर्यंत सोडला आणि नवऱ्याचं, साईनाथचं, सोंग घेतलं. उंबऱ्याला ठेचकाळली, चुलीला रामराम केला आणि बोट नाचवत म्हणाली, "मी कोन हाय, ठावं हाय का?" बाया हसून हसून लोळल्या. शेवटी आत्याही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

नम्रतानं ते सगळं दाराआडून बाबांच्या फोनवर घेतलं.

मग लॅपटॉपवर कापलं, छाटलं, खाली गाणं जोडलं. इन्स्टावर 'आमची वाडी' नावाचं खातं उघडलं. तो लाल नियम तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आला, नाही असं नाही. पण आत्या तर आपलीच! शेजारच्या मांडवावरची काकडी तोडताना इथं कोण कुणाला विचारतं? घरच्या माणसाला विचारायचं म्हणजे त्याला परकं करणं. अशी स्वतःची समजूत घालून तिनं रील टाकलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

रील वाऱ्यासारखं पसरलं. पोरगी दोन दिवस हवेत होती.

तिसऱ्या दिवशी खर्डीहून आत्याच्या सासूचा, बाईजाचा, फोन आला. आवाज सगळ्या ओटीवर ऐकू येत होता. "होळीपासनं थेंबाला शिवला नव्हता गो माझा पोर! आता टेशनाबाहेर रिक्षावाले त्याला बघितला की तेच बोलत्यात, मी कोन हाय, ठावं हाय का. घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. रंजी दिवाळीला येनार नाय. कदीच येनार नाय."

आत्यानं फोन ठेवला. सूप घेतलं आणि तांदूळ पाखडत बसली. नम्रतानं मागच्या खोलीत जाऊन रील काढून टाकलं, खातंही बंद केलं. पण बैल गेला आणि झोपा केला! तोवर ते कुणाकुणाच्या फोनात उतरलं होतं, याची काही गणती नव्हती. भिंतीवरच्या नियमांत हेसुद्धा होतं, तिच्याच अक्षरात.

सुट्टी संपली. पंकज सरांनी तिला प्रार्थनेनंतर नियम म्हणायला उभं केलं. लाल नियमापाशी तिचा आवाज बसला. सर म्हणाले, घसा धरला असेल, गरम पाणी पी. तिला त्या मायेचीही शरम वाटली.

भात कापणीला आलं. एका दुपारी बांधावर भाकरी खाताना आत्या तिच्याजवळ सरकली. "नमू, तू लॅपटॉपवाली. तुला ठावं आसंल. कुनी टाकला त्ये, शोधता येतंय का गो?"

चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, आत्याला कळलंय, मुद्दाम विचारतेय. तिनं मान वर केली. आत्याच्या चेहऱ्यावर भरवशाशिवाय काही नव्हतं. त्या भरवशानंच नम्रता मोडली.

"आत्या, मीच टाकला."

आत्यानं हातातली भाकरी खाली ठेवली.

"मला वाटला, तू आपली हायस. घरच्या मानसाला काय इचारायचं..."

"तसा नाय," आत्या हळूच म्हणाली. "इचारला आसतास, तर मी नाय म्हनली आसती. त्ये तुला ठावं होतं. म्हनून नाय इचारलास."

नम्रताला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. रील टाकताना तो लाल नियम तिनं घाईनं का बाजूला सारला होता, ते आज उघडं पडलं. त्यापेक्षा आत्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आत्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "उद्या खर्डीला चल. माझ्या सासूसमोर बोल, जे आता बोललीस."

दुसऱ्या दिवशी दोघी शहापूरपर्यंत एसटीनं आणि पुढे जीपनं गेल्या. वाटेत आत्या एवढंच म्हणाली, "रंजीला काकडी आवडते," आणि पिशवीतल्या काकड्या पुन्हा चाचपल्या.

ओटीवर बाईजा डाळ निवडत होती. साईनाथ खांबाला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, पण शुद्धीत. नम्रता उभ्यानंच बोलली, एका दमात. आत्यानं सोंग वाडीतल्या बायांपुरतं केलं होतं. चोरून मी काढलं. न विचारता मीच टाकलं. शिक्षा द्यायची ती मला द्या, पण रंजूला पाठवा.

बाईजाचे हात थांबले. साईनाथ जमिनीकडे बघत म्हणाला, "आये, पोर खरा बोलते. जाऊ दे रंजीला." बाईजानं सुनेकडे बघितलं, मग डाळीकडे. एक खडा वेचून टाकला आणि म्हणाली, "चार दिस. भाऊबीज झाली की परत आनून सोडायची."

आत्यानं पदर तोंडाला लावला. नम्रताला वाटलं, सुटलो आपण.

तेवढ्यात आईचा आवाज ऐकून रंजू आतून आली. पण ती धावत आली नाही. तिनं बापाचा टॉवेल एका खांद्यावरून जमिनीपर्यंत सोडला होता. उंबऱ्याला मुद्दाम ठेचकाळली, झोकांड्या देत ओटीवर आली, बोट नाचवलं आणि आईकडे बघत म्हणाली, "मी कोन हाय, ठावं हाय का?"

कुणीच हसलं नाही. साईनाथ उठला आणि कुणाकडे न बघता अंगणातून खाली निघून गेला.

रंजू गोंधळली. आईला हसवायचं म्हणून तर तिनं केलं होतं. मोबाईलमध्ये आई याच्यावरच एवढी हसली होती. आत्यानं गुडघ्यावर बसून तिच्या खांद्यावरचा टॉवेल उतरवला, नीट घडी केली आणि लेकीला पोटाशी धरलं.

तिच्या खांद्यावरून रंजूनं नम्रताकडे बघितलं. "नमूदीदी, मी बरोबर केला ना? माझा पन काढ ना विडिओ."