खात्री केली

मी तोंडाची फटकळ आहे आणि मला त्याचा अभिमान होता. होता म्हणते, कारण आता कोणी "तुम्ही किती स्पष्ट बोलता" म्हटलं तरी माझी मान खाली जाते. माझ्या फटकळपणापायी माझ्या वहिनीची किडनी गेली की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. सांगता येत नाही, हेच तर माझं पाप आहे. तर आता सगळं सांगूनच टाकते.

मी एका संशोधन केंद्रात तंत्रज्ञ आहे. ना साखर, ना रक्तदाब, अशा धडधाकट माणसांच्या किडन्या चाळिशीच्या आत का खराब होतात, हे शोधायचं आमचं काम. त्यासाठी आम्ही कामगारांची चोवीस तासांची लघवी गोळा करतो. हसा, हसा. माझ्या नवऱ्याचं तर अजून हसून झालेलं नाही. सगळ्या वस्तीत मला 'जारवाल्या बाई' म्हणतात, आणि तेही मला आवडायचं.

काम दिसतं सोपं, पण तसं नाही. सकाळी उठल्यावरची पहिली सोडून द्यायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, सगळी एका जारमध्ये. एक वेळ जरी चुकली तरी हिशेब फसतो. लोक विसरतात, कंटाळतात, लाजतात. त्यामुळे जार कमी भरला की पहिली शंका तीच: बाईने दोनदा बाहेरच उरकलंय. पण शंका म्हणजे खात्री नव्हे. खात्रीसाठी क्रिएटिनिन बघायचं असतं. स्नायूंचा हा कचरा, माणूस पाणी कमी प्यायला काय नि जास्त प्यायला काय, दिवसाला साधारण तेवढाच बाहेर पडतो. जार कमी असूनही तो पुरेसा निघाला, तर जार पूर्ण. कमी निघाला, तर जार अर्धवट. आमच्या रजिस्टरमध्ये त्यासाठी शेवटचा रकाना आहे: 'खात्री केली'. तिथं बरोबरची खूण करायची आणि सही ठोकायची.

ती तपासणी करायला केंद्रात परत यायला लागतं, मशीन तापवायला लागतं, पाऊण तास जातो. मी नऊ वर्षं जार बघतेय. मला डोळ्यांनी कळतं, असं मी म्हणायचे. कमी जार दिसला की त्यातून एक छोटी नळी नियमाप्रमाणे फ्रीजरला टाकायची, बाकीचं ओतून द्यायचं, 'अपूर्ण' लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात खूण करायची. मशीनच्या जवळपासही न जाता.

चौदा महिन्यांपूर्वी आम्ही शिवणाच्या एका कारखान्यात गेलो. एकाच मोठ्या हॉलमध्ये साठ मशिनं, साठ बाया, आणि त्यांतली एक माझी वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. तिनेच सगळ्यांना राजी केलं होतं. "आमच्या वन्सं येणार आहेत, घाबरू नका, माणूस आपलंच आहे," असं सांगत फिरली होती बिचारी.

पहिल्या आठवड्यात पस्तीस जार कमी आले. चारशे मिली, साडेतीनशे, रंगाने गडद चहासारखे. माझं डोकंच फिरलं. त्यात वहिनीच्याही जारमध्ये जेमतेम तळ झाकलेला. मी टेबलामागे उभी, समोर अख्खी रांग, आणि मी तो जार हातात धरून उंच केला.

"वहिनी, हे काय? दिवसभरात एकदाच गेलीस की काय?"

"दोनदा गेले. सगळं आहे त्यात, वन्सं."

"थापा मारू नकोस. घरच्या माणसानेच असं केलं तर या बाकीच्यांना मी काय सांगू? कंटाळा आला तर सरळ सांग ना. खोटारडेपणा कशाला?"

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. वहिनी हसली नाही. तिने जाराचं झाकण घट्ट लावलं, जणू ते सैल होतं म्हणूनच कमी भरलं, आणि बाजूला झाली. मग मी सगळ्यांनाच दम दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा जार देणार, आणि या वेळी लिटरच्या खाली एकही आला तर नाव कापणार.

पुढच्या आठवड्यात काय सांगू, एकेक जार काठोकाठ! दीड लिटर, पावणेदोन. रंग फिकट, स्वच्छ. वहिनीचा तर सगळ्यांत भरलेला. "बघ, जमलं की नाही!" असं म्हणून मी तिच्या पाठीवर थाप मारली. सगळ्या जारांत तपासणीची पट्टी बुडवली. लघवीतून प्रथिनं जात असतील तर ती हिरवी होते. जेमतेम चौघींची झाली. रक्त फक्त त्या चौघींचं घेतलं, नियमच तसा आहे. बाकीच्यांना आम्ही पत्रं पाठवली: तुमच्या किडनीच्या तपासणीत काही दोष आढळला नाही. खाली सही माझी.

या महिन्यात मोठ्या मॅडमनी मला बोलावलं. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या संशोधनाच्या प्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणूनच त्यांची भीती वाटते. समोर शिवणाच्या हॉलचं रजिस्टर उघडं होतं.

"या हॉलमधून गेल्या वर्षात तिघी डायलिसिसला लागल्या," त्या म्हणाल्या. "तिघींनाही आपलं 'दोष नाही'चं पत्र गेलेलं. हे कसं?"

"अचानक झालं असेल, मॅडम."

"आणि हे बघा. एका आठवड्यात चारशे, दुसऱ्यात दीड लिटर. तीच बाई, तेच काम. पस्तीसच्या पस्तीस?"

"मी समजावलं ना त्यांना. पहिल्यांदा फसवत होत्या."

"हे कशावरून?"

मी रकान्यावर बोट ठेवलं. माझीच खूण, माझीच सही, एकाखाली एक पस्तीस वेळा. मॅडमनी चष्मा काढला आणि एवढंच म्हणाल्या, "मग मशीनचे आकडे कुठे आहेत?"

मी रकान्यावरचं बोट उचललं. मॅडम म्हणाल्या, "नळ्या आहेत ना फ्रीजरमध्ये? आता करा."

मी केलं. सबंध दिवस त्या मशीनपुढे बसले. पस्तिसांतल्या बत्तीस नळ्यांत क्रिएटिनिन पुरेसं होतं. म्हणजे जार पूर्ण होते. त्या बाया खरंच दिवसभरात दोनदाच जात होत्या. मग त्याच नळ्यांत पट्टी बुडवली. एक हिरवी, दुसरी हिरवी, तिसरी गर्द हिरवी. एकोणीस झाल्या. एकशे सतरा नंबरची पट्टी मी दोनदा बघितली, कारण तो नंबर मला पाठ होता. वहिनीचा. सगळ्यांत गर्द तीच.

एक समाधान करून घेतलं मी स्वतःचं. म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात जार मोठा आला म्हणजे बायांनी त्या दिवशी भरपूर पाणी प्यायलं असणार. प्रथिनं पातळ झाली, पट्टीला दिसली नाहीत. चूक झाली, पण मी एकटीची नाही. हे खरं का, एवढंच वहिनीला विचारायचं, म्हणून रविवारी दुपारी दादाकडे गेले.

वहिनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बटाटे सोलत होती. पाय स्टुलाच्या दांडीवर. सुजलेल्या घोट्यापाशी चपलेच्या पट्ट्याची खूण खोल रुतलेली होती. आधी मला ती कधीच दिसली नव्हती, की मी बघितलीच नव्हती.

"बसा वन्सं. चहा ठेवू?"

"नको. वहिनी, एक विचारते. त्या दुसऱ्या जारच्या वेळी तू पाणी जास्त प्यायली होतीस का?"

तिची सुरी थांबली. दारात दादा येऊन उभा राहिला.

"कशी पिणार?" ती म्हणाली. "तिथं संडासाचा एकच लाकडी बिल्ला आहे, सुपरवायझरच्या टेबलावर. तो उचलला की फळ्यावर नाव लिहितात. दिवसातून दोनदापेक्षा जास्त लिहिलं की मशीन काढून घेतात. कोण पिईल पाणी? आम्ही घोट घोटभर ओठ ओले करतो. पाठ दुखली की सुपरवायझर गोळी देतो, ती तशीच गिळतो."

तो बिल्ला मी बघितला होता, हो. दर आठवड्याला जात होते ना मी त्या हॉलमध्ये. "तुमच्याकडे संडासालाही पदक मिळतं वाटतं" असा विनोदही केला होता. पाणी कमी, दुखण्यावरच्या गोळ्या रोज, दोन्ही किडनीचे वैरी. नऊ वर्षं ज्याचं कारण शोधत होते ते माझ्या हातातल्या जारमध्ये होतं, आणि ते मी बेसिनमध्ये ओतून वर नळ सोडला होता.

"मग दीड लिटर आलं कुठून?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर कळलेलं होतं.

"नळाचं होतं," वहिनी म्हणाली. तिने बटाटा पातेल्यात टाकला. "तुम्ही सगळ्यांसमोर खोटारडी म्हणालात ना. मी घरी येऊन दोन दिवस विचार करत बसले, आपण झोपेत उठून विसरलो की काय. यांना विचारलं. हे म्हणाले, ती शिकलेली आहे, तिला कळत असेल, तूच चुकली असशील. मग मला वाटलं, आपलंच शरीर कमी पडतंय. तुमची मान खाली जायला नको म्हणून पाणी घातलं. बाकीच्यांनाही मीच सांगितलं, एवढं एवढं घाला. तुम्ही खूश झालात. पाठीवर थाप मारलीत."

दादा आत आला आणि ओट्याला टेकला. "वहिनी," मी म्हटलं, "तू मला तेव्हाच तोंडावर का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "सगळं आहे त्यात, म्हणून."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. रडायलाही तोंड नव्हतं. मी रडले असते तर वहिनीनेच उठून पाणी दिलं असतं, आणि तिच्या हातचं पाणी प्यायची माझी लायकी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं: न केलेल्या तपासण्यांच्या खुणा, बिल्ला, गोळ्या, नळाचं पाणी. त्यांनी माझं नाव संशोधनातून काढलं नाही. काढलं असतं तर सुटल्यासारखं वाटलं असतं. म्हणाल्या, "आधी ती पत्रं परत घ्यायला जा. स्वतः."

वहिनीचं रक्त मीच काढलं. किडन्या शंभरातले छत्तीस भाग चालतात. चौदा महिन्यांपूर्वी किती चालत होत्या? साठ? सत्तर? गोळ्या थांबल्या असत्या, पाणी मिळालं असतं, औषध लागलं असतं, तर आज किती उरल्या असत्या? याचा आकडा कुठल्याच मशीनवर येणार नाही. वहिनी एकदाही विचारत नाही. दादा विचारतो, आणि मी "माहीत नाही" म्हणते. या सगळ्यात मी बोललेलं एवढंच वाक्य पूर्ण खरं आहे.

मग त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलामागे मी पुन्हा उभी राहिले. समोर आदल्या दिवशी वाटलेले नवे जार घेऊन रांग. सुपरवायझर बाजूलाच होता, तरी सांगितलं. तुमचे पहिले जार बरोबर होते. तुम्ही खोटं बोलला नव्हतात, खोटी सही माझी होती. आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवू नका. आणि तो बिल्ला तुमच्या किडन्या खातोय, हे मी अहवालात लिहिणार आहे. आवाज इतका बारीक आला की मागच्या बाईने ओरडून विचारलं, "काय म्हणताय? ऐकू येत नाही." मग मला सगळं पहिल्यापासून पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

कोणी हसलं नाही. एकीने पर्समधून चार घड्या घातलेलं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. वर्षभर जवळ बाळगलं होतं तिने. मग दुसरीने विचारलं, "म्हणजे मी ठीक नाही का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. आज कळेल."

वहिनी रांगेत सातवी होती. जार पुढे केला. तीनशे ऐंशी, गडद. तिने माझ्याकडे बघितलं आणि जुन्याच सवयीने, घाबरत घाबरत म्हणाली, "सगळं आहे त्यात, वन्सं."

मी तो जार दोन्ही हातांनी घेतला, तिच्यासमोर नळी भरली, आणि रजिस्टरमध्ये 'खात्री केली'चा रकाना मशीनचा आकडा येईपर्यंत कोरा ठेवून पुढच्या बाईला बोलावलं.