डोईवरचं कापड

बव्हेरियातल्या आमच्या गावात दर तीन वर्षांनी मिरवणूक निघते आणि तिच्यात पंधराव्या शतकातलेच कपडे लागतात. कोणाच्या अंगावर काय चालेल, हे मी ठरवते. कापड लोकरीचं नाहीतर लिननचं, शिलाई हातची. मला पाठीमागे हवालदार म्हणतात हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचंही.

शेवटची तपासणी शनिवारी जुन्या धान्यकोठारात होती. आधी बेकरीवाला कोर्बिनियान आला. घट्ट विजारीच्या वर चड्डीचं इलास्टिक दिसत होतं.

"अरे, तेव्हा इलास्टिक होतं का?"

"हेडविगकाकू, तेव्हा तुम्हीही नव्हता. लोक सुखात होते!"

सगळे हसले, मीही हसले. मग त्याला परत पाठवलं.

त्याच्यामागून झेंझी आली. माझी शाळेपासूनची मैत्रीण. गुडघा दुखतो म्हणून वसंतभर ती शिवणाच्या बैठकांना आली नव्हती आणि मी मनातून धुमसत होते. तिच्या लाल झग्यात खोड काढायला जागा नव्हती. पण डोक्यावरचं कापड सारखं मागे घसरत होतं. लग्न झालेल्या बाईचे केस दिसता कामा नयेत, म्हणून आत टोपी आणि वरून कापड. आत वेण्या गुंडाळलेल्या असल्या तरच टाचण्या धरतात.

"वेण्या घातल्या नाहीस ना?"

"घातल्यात गं. चालेल एवढं."

"थापा मारू नकोस. काढ, बघू दे."

"हेडी, नको ना. घरी नीट करते."

"शिवायला यायचं नाही आणि सवलत मात्र हवी! मैत्रीण म्हणून तुला वेगळा नियम?"

तिने कापड दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी टाचणी उपसली आणि टोपीसकट ओढलं.

केस नव्हतेच. कानामागे थोडी लव होती, तेवढीच. कोठारातल्या चाळीसेक माणसांनी ते पाहिलं.

"फेब्रुवारीपासून औषधं चालू आहेत," झेंझी म्हणाली. "बाहेर विग घालते, तर जो तो विगकडे बघतो आणि तब्येत विचारतो. इथे सगळ्या बायकांची डोकी झाकलेली. वाटलं, एक दिवस तुमच्यातली एक म्हणून चालेन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दे, मी बांधते. अगदी घट्ट बांधते गं."

"आता कोणापासून झाकायचं?"

तिने पिशवीतून विग काढला, सगळ्यांसमोर डोक्यावर चढवला आणि त्या लाल झग्यातच निघाली. दारातल्या बायकांनी वाट करून दिली. एकीने तिच्या दंडावर हात ठेवून हळूच विचारलं, "आता बरं वाटतंय ना, झेंझी?"

"हो, बरं आहे," झेंझी म्हणाली.

रविवारी ती मिरवणुकीला आली नाही.