न्हाणीतला दगड

"मावशी, सायबाच्या गळ्यात हार तुमीच घालायचा बरं का! मयत मंडळातलं सगळ्यात जुनं माणूस तुमीच," असं म्हणत कार्यकर्त्या बालाजीने झेंडूचा भलामोठा हार केवळाबाईच्या हातात कोंबला.

केवळाबाईने वर पाहिलं. उदगीरच्या बौद्ध वस्तीच्या मसणवट्याला कमान! तीही गुलाबी. नगरसेवक शेषेरावांचं नाव हातभर आणि मंडळाचं मुंगीएवढं. याच शेषेरावांच्या आज्याने बौद्धांचं प्रेत गावच्या स्मशानात येऊ दिलं नव्हतं. तेव्हा तिच्या सासऱ्याने, ग्यानोबाने, वस्ती गोळा करून मयत मंडळ काढलं आणि ही खडकाळ जागा घेतली. खड्डा खणायला घरटी एक माणूस आणि पुरल्यावर उशाशी ज्याच्या त्याच्या न्हाणीतला दगड, अशी मंडळाची रीत. नावं कोण कोरणार? जन्मभर ज्यावर अंघोळ केली, तो दगडच माणसाची ओळख. आणि आता नातू निघाला होता उपकार करायला, कडक इस्त्री मारून!

कमानीखाली भाषण सुरू झालं. "या ओसाड जागेला आपण रूप देत आहोत..."

"ओसाड म्हणं! मेल्याची जीभ तरी कशी रेटती?" केवळाबाई सुनेला म्हणाली. "मंजुश्री, चल. तुझ्या सासऱ्याला भेटून येऊ आधी."

आत गेल्यावर तिला काही कळेचना. एकाही कबरीवर दगड नव्हता. सगळीकडे सपाट मुरूम पसरलेला.

"दगडं कुठं गेले रं?" तिने मागोमाग आलेल्या बालाजीला विचारलं.

"ते पडीक व्हय? कमानीच्या पायाला लावले की. चपटे होते, लई कामाला आले," तो खुशीत म्हणाला.

केवळाबाई तरातरा कमानीपाशी आली, खाली बसली आणि खांबाच्या पायथ्याचे दगड एकेक चाचपू लागली. एका दगडाच्या कडेला बोट अडलं. खाच! रोज अंघोळीआधी नवरा तिथे खुरपं घासायचा. न्हाणी खराब करतो म्हणून ती त्याला किती बोलली होती.

"मावशी, हार आणा की!" शेषेरावांनी हसत मान पुढे केली. समोर मोबाइल वर झाले.

"तुला?" केवळाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुझ्या आज्यानं आमच्या मढ्याला जागा दिली न्हाई. तू तर मढ्याच्या उशाचे दगडं काढून सोताचं नाव उभं केलंस. त्यो बरा म्हणायचा रं तुझ्यापरीस! थू!"

शेषेरावांची मान तशीच पुढे राहिली. केवळाबाईने हार त्या दगडापाशी ठेवला आणि पदराच्या टोकाने खाचेतलं सिमेंट पुसू लागली. ते वाळून घट्ट झालं होतं. तरी ती पुसत राहिली.