वजा पंधरा

"तिरकी घ्या साहेब. अजून तिरकी."

हॉस्पिटलच्या फाटकातल्या स्पीडब्रेकरवरून वॉचमन मला रोज सकाळी असा पार करून द्यायचा. माझी गाडी जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. आधीच्या मालकाने हौसेने ती खाली बसवून घेतली होती, त्यामुळे सरळ नेली की पोट घासायचं आणि केसपेपरच्या रांगेतली माणसं वळून बघायची. तशी ती आधीच वळलेली असायची म्हणा. सायलेन्सरही त्याच मालकाने बदलला होता. मी दोन चौक अलीकडे असतानाच वॉचमनला कळायचं आणि तो फाटक उघडून ठेवायचा.

मग उतरण्याचा कार्यक्रम. सीट शर्यतीच्या गाडीची, खोलगट. तिच्यात माणूस बसत नाही, रुततो. चोपन्नाव्या वर्षी तिच्यातून बाहेर यायचं तर आधी एक पाय, मग जमिनीवर एक हात, आणि मग राहिलेला मी. एकदा असा अर्धा बाहेर आलो असताना समोर नेमक्या आमच्या मॅडम उभ्या होत्या. त्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. मी हातावरची माती झटकत गुड मॉर्निंग म्हणालो.

मी कान तपासतो. कानांच्या डॉक्टर मॅडम, पण माणसाला नेमकं किती ऐकू येतं हे मोजून कागदावर उतरवायचं काम माझं. दोन दारांची, जाड भिंतींची एक बंद खोली आहे. आत रुग्ण हेडफोन लावून बसतो, काचेबाहेर मी. मी मशीनवरून बारीक बारीक सूर सोडायचे आणि त्याने ऐकू आला की बटण दाबायचं. सव्वीस वर्षं हेच केलं. तिथे कुणी खोकलं तरी मोजणी पुन्हा करावी लागते, म्हणून मला हळू बोलायची आणि चपला न वाजवता चालायची सवय लागली ती लागलीच. हॉस्पिटलात मला सगळे 'गुपचूप' म्हणतात. समोर साहेब, मागे गुपचूप.

असल्या माणसाने असली गाडी का घ्यावी? बायकोनेही हेच विचारलं होतं. माझी स्कूटर एकोणीस वर्षांनी बसली, म्हणून आम्ही वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात एक साधी, पांढरी, चार दारांची गाडी बघायला गेलो होतो. तिच्या शेजारी ही उभी होती. लाल, दोन दारांची, मागे भलामोठा पंख. विक्रेत्याने मी न विचारताच चावी फिरवली. छातीत काहीतरी हललं, एवढंच मला आठवतं. आयुष्यभर मी कुणाच्या कानावर न येता जगलो होतो, आणि त्या दिवशी वाटलं, आता बास. घरी येईपर्यंत बायको दाराची मूठ घट्ट धरून होती. इमारतीखाली आल्यावर तिला दोन्ही हात धरून बाहेर ओढावं लागलं, तिचे गुडघे आधीच दुखरे. उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "आपल्याला बसायला गाडी हवी होती. झोपायला नको होती." त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. तिचा उल्लेख 'तुमची ती' असा करायची.

घर ते हॉस्पिटल चाळीस मिनिटं. एसी बंद, म्हणून काचा खाली. हसाल, पण ती चाळीस मिनिटं मी राजा असायचो. उतरल्यावर कानांत कापूस भरल्यासारखं वाटायचं आणि मला तेसुद्धा आवडायचं. कारखान्यांतून येणाऱ्या कामगारांना मी पंचवीस वेळा बजावतो की बाबा रे, कानांत बोळे घाल, गेलेले कान परत येत नाहीत. तोच मी. लाज कशी वाटली नाही, हा प्रश्न मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारला.

आता माझ्या चुकीकडे येतो. आमच्या कामात एक रिवाज आहे. रोज सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी तपासणाऱ्याने स्वतः त्या खोलीत बसायचं आणि मशीन स्वतःच्या कानांवर ताडून बघायचं. आपल्या कानांना कुठला सूर किती बारीक असताना ऐकू येतो हे पाठ असतं. त्यात फरक पडला, तर मशीन बिघडलं. मला ज्यांनी काम शिकवलं त्यांनी हेच शिकवलं, आणि माझे कान म्हणजे आमच्या विभागाचा अभिमान होता. मॅडम नव्या डॉक्टरांना सांगायच्या, मशीनवर एक वेळ शंका घ्या, यांच्या कानांवर नको.

गाडी घेऊन महिना झाला असेल. एका सकाळी उंच, पातळ सूर मला ऐकूच येईनात. आवाज पंधरा डेसिबलने वाढला तेव्हा कुठे आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी मॅडमना सांगितलं, मशीन उतरलंय. कंपनीला पत्र गेलं. त्यांचा माणूस येणार तीन महिन्यांनी. तोवर तपासण्या बंद ठेवायच्या का? लोक महिनाभर आधी नंबर लावून बसलेले. मीच तोडगा काढला. मशीन सांगतंय त्यापेक्षा पंधराने कमी आवाज येतोय ना, मग उंच सुरांच्या प्रत्येक आकड्यातून पंधरा वजा करायचे. मशीनवर चिठ्ठी चिकटवली, 'वजा पंधरा'. मॅडम म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून चाललंय हो.

घरी बायको रोज म्हणत होती, टीव्ही बारीक करा, शेजारी येऊन भांडतील. मला वाटायचं, गाडीचा राग टीव्हीवर काढतेय.

त्याच दिवसांत एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. बाई शाळांचे गणवेश शिवायच्या, ब्लाउजला टाचण्या तशाच लावलेल्या. मुलगी सहा वर्षांची, शहाण्यासारखी बसलेली. बाईंचं म्हणणं, मागून हाक मारली की वळत नाही, शब्द अर्धे खाते. मी मुलीला आत बसवलं. तिने प्रामाणिकपणे बटण दाबलं. उंच सुरांना चाळीस. चाळीसातून पंधरा गेले, राहिले पंचवीस. पंचवीसपर्यंत ठीक, असा आमचा हिशोब. मी 'श्रवणशक्ती सामान्य' असं लिहून शिक्का मारला. बाईंनी कागद हातात घेऊन पुन्हा विचारलं, नक्की ना? मी हसून म्हणालो होतो, "कान उत्तम आहेत ताई. हट्टी आहे, एवढंच."

पुढे दीड महिन्याने गाडीने मान टाकली. भर चौकात. मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, आधीच्या मालकाने काय काय जोडलंय हे बघायलाच मला आठवडा लागेल. मी बसने यायला लागलो. आठवड्याच्या शेवटी एका सकाळी मशीन स्वयंचलित करून नेहमीसारखा बंद खोलीत बसलो, हेडफोन लावला आणि सुराची वाट पाहिली. ऐकू आला. कमी झाला, तरी आला. अगदी तळाशी, माझ्या जुन्या जागेवर, लख्ख ऐकू आला. क्षणभर मला आनंद झाला की मशीन आपोआप सुधारलं. मग समोर काचेतून ती चिठ्ठी दिसली.

मशीन आपोआप सुधारत नाही. मी त्या खोलीत किती वेळ बसलो कोण जाणे. तिथे बाहेरचं काही ऐकू येत नाही, स्वतःचा श्वास तेवढा येतो. रोज सकाळी चाळीस मिनिटं कान बधिर करून मी थेट इथे येऊन बसत होतो आणि वर मशीनला नावं ठेवत होतो. आठवडा बसने आलो, तसे कान सावरले होते. आपल्या कानांत बिघाड असेल ही शंकासुद्धा मला शिवली नव्हती.

कुणालाही कळलं नसतं. चिठ्ठी काढून खिशात टाकली असती की संपलं होतं. मी ती काढली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, सगळ्यांना पुन्हा बोलवा, पण 'तांत्रिक कारणामुळे' एवढंच सांगा. तुमची चार वर्षं राहिलीत, कशाला शोभा करून घेता? मी मान डोलावली. त्या मानेचीही मला लाज वाटते.

अकरा आठवड्यांत एकशे अठरा माणसं तपासली होती. मी स्वतः एकेकाला फोन लावला. वाईट त्याचं वाटलं की लोक चिडले नाहीत. उलट म्हणाले, सरकारी कामात एवढी काळजी कोण घेतं हो? एका आजोबांनी मला आशीर्वाद दिला. मी फोन ठेवून नळावर जाऊन तोंड धुऊन आलो.

माणसं आली, पुन्हा तपासली. बहुतेकांच्या उपचारात फरक पडत नव्हता. आठ जणांच्या कागदावर फरक पडला. सगळे वयस्कर, आठही जणांनी हसून घेतलं. नववी ती मुलगी.

पुन्हा चाळीस. या वेळी मी काहीच वजा केलं नाही. मुलीला बाहेरच्या बाकावर बसवून मी बाईंना सांगितलं की हिला दोन्ही कानांना यंत्रं लागतील, हॉस्पिटलकडून मिळतील, काळजी करू नका. बाई शिलाईचं माप घ्यावं तसा कागद दोन्ही हातांनी ताणून बघत होत्या. म्हणाल्या, म्हणजे मशीन खराब होतं का तुमचं? 'तांत्रिक कारण' अगदी ओठांवर आलं होतं.

"मशीन चांगलं होतं," मी म्हणालो. "माझे कान खराब होते. मी एक मोठ्या आवाजाची गाडी घेतली, हौस म्हणून. तिच्यातून रोज यायचो आणि कान तसेच घेऊन मशीन तपासायचो. चूक माझी आहे."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"मी तिला मारलं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, हट्टी आहे. मला वाटलं, ऐकू येऊन मुद्दाम करते. दोन महिने मारलं मी तिला. ती विचारायची, आई, मी काय केलं?"

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. त्यांनी कागद पिशवीत टाकला. मग मुलीला घेऊन गेल्या. संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती एरवी टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी तिने टीव्ही बंद केला आणि माझ्या शेजारी बसून राहिली.

गाडी दुरुस्त होऊन आली, ती मेकॅनिकने हॉस्पिटलच्या आवारातच आणून लावली. मी तिला हात लावला नाही. झाकण घालून झाडाखाली उभी, झाकणावर पाटी 'विकणे आहे'. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक आलं. व्यायामशाळा चालवणारा, चाळिशीचा, माझ्यासारखाच हौशी. त्याला मी सगळं खरं सांगितलं, कानांचंही. तो हसला. सगळं पटलं, म्हणाला, आता एकदा चालू करून दाखवा.

त्याच सकाळी मुलीच्या कानांना यंत्रं बसवली होती. मीच बसवली, आवाज मीच जुळवला. बाई औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होत्या आणि मुलगी फाटकाजवळच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिच्या हातात आईच्या किल्ल्यांचा जुडगा होता. तो ती एकदा या कानाशी हलवायची, एकदा त्या कानाशी. मग खिशातला कागद काढून चुरगाळायची, थांबायची, पुन्हा चुरगाळायची. तिच्यापासून गाडी वीस पावलांवर होती.

गिऱ्हाईकाने चावीसाठी हात पुढे केला. मी म्हणालो, "इथे नको. बाहेर रस्त्यावर, कोपऱ्यापलीकडे." तो म्हणाला, अहो, आवाजासाठीच तर घेतोय. मी म्हणालो, घ्या, पण इथे नको. माझ्या तोंडाकडे बघून त्याने हात मागे घेतला. तो स्टिअरिंगवर बसला, मी गिअर काढायला सांगितला आणि मागे जाऊन त्या पंखाला दोन्ही हात लावले. वॉचमन न बोलावता आला आणि माझ्या शेजारी उभा राहून ढकलायला लागला. वजनदार होती. माझ्या चपला मातीत घसरत होत्या.

फाटकाशी आलो. वॉचमन काचेशी वाकून गिऱ्हाईकाला अगदी हळू म्हणाला, तिरकी घ्या साहेब, अजून तिरकी. औषधाची पिशवी घेऊन बाई खिडकीकडून येत होत्या. त्यांनी गाडी पाहिली, मला पाहिलं आणि त्या तिथेच थांबल्या. मी मान खाली घातली आणि खांदा लावला. पुढचं चाक चढलं, उतरलं, मग मागचं.

बाकावर मुलगी किल्ल्या हलवत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.